एका नावाची दोन गावे

मित्रांनो, चंदीगडच्या सेक्टर सतरामधल्या बसस्थानकावरची मी एक जुनी पत्र्याची पाटी. पेंटरने निळ्या रंगावर पांढऱ्या अक्षरांत माझ्यावर लिहिले, ‘बिलासपुर’.

नाव एकच, पण घरे किती! माझ्यापुढून दोन बस सुटत. एक रोपडवरून हिमाचलातल्या बिलासपूरला, दुसरी नारायणगढवरून हरियाणातल्या बिलासपूरला. दोन्हीकडचे लोक छातीठोकपणे सांगत, नाव व्यासऋषींवरून पडले आणि व्यास आमचेच! तेव्हाच्या मध्य प्रदेशातला एक प्रवासी म्हणाला, आमचे बिलासपूर तर बिलासा नावाच्या कोळिणीचे. मी कुणालाच नाही म्हटले नाही. एवढ्या गावांची म्हणून मी भारी तोऱ्यात असे.

तो तोरा एका दुपारी उतरला. पंजाबातले ते दहशतीचे दिवस. बिलासपूरच्या बसवर गोळीबार झाल्याची बातमी आली आणि लोक धावत स्थानकावर आले.

“कौन-से बिलासपुर की बस?” जो तो विचारत होता.

“पता नहीं जी. फोन लगा रहे हैं,” चौकशीच्या खिडकीतले मोहनलाल म्हणाले.

नर्स वसुधा ड्यूटी सोडून आली होती. तिचे वडील, अप्पा, सकाळीच हरियाणाच्या बसने कपालमोचन तीर्थावर स्नानाला गेले होते. शेजारी उभ्या सरोजचा नवरा हिमाचलच्या बसमध्ये होता. ओळख ना पाळख, पण दोघींनी एकमेकींचे हात घट्ट धरले.

“देवा, ती दुसरी बस असू दे,” वसुधा मराठीत पुटपुटली.

“क्या कहा, बहनजी?” सरोजने विचारले.

“कुछ नहीं. सब ठीक होगा.”

मी पत्र्याची, तरी हादरले. हीच प्रार्थना सरोजच्याही मनात असणार. देवाने ऐकावे तरी कुणाचे?

फोन ठेवून मोहनलाल खिडकीशी परत आले.

“रोपड़ वाली. कोई नहीं बचा.”

“वाचले गं बाई!” सरोजचा हात सोडून वसुधाने दोन्ही हात जोडले. तिच्या जिवात जीव आला, चेहऱ्यावर हसूसुद्धा आले. मग तिने बाजूला पाहिले. सरोज फरशीवर बसली होती.

“आपके बच गए न?” सरोजने हळूच विचारले.

वसुधाला मान वर करवेना.

मित्रांनो, आता मी गोदामात गंजत पडले आहे. मला रंग द्या, असे मी म्हणत नाही. पण वाईट बातमीत गावाचे नाव ऐकून ‘आपले नव्हे ते’ असे म्हणाल, तेव्हा आधी शेजारी कोण उभे आहे ते पाहा. आणि त्याचा हात धरला असेल, तर सोडू नका.