लंकेतली पाहुणी

शनिवार उजाडला की वेणूच्या पायाला भिंगरी लागायची. डोंगराच्या पायथ्याशी, पनवेलजवळच्या नेऱ्याच्या शिवारात, तिच्या नवऱ्याने, जगनने, भाताच्या खाचरांना लागून चार खोल्या बांधल्या होत्या आणि मुंबईची माणसं तिथे दोन दिवस निवांत बसायला येत. ती निवांत बसत आणि वेणू चुलीपुढे बसे. तांदळाची भाकरी, गावठी कोंबडीचं कालवण, वालाचं बिरडं, मध्येच कुणाच्या तरी लेकरासाठी बिनतिखटाची डाळ. वाढून झालं की पदराला हात पुसत ती दाराशी उभी राही आणि पहिल्या घासाला माणसाचा चेहरा कसा होतो ते बघे. रविवारी शेवटची गाडी फाटकाबाहेर पडली की चादरींचा ढीग. यात पंधराएक वर्षं गेली आणि खरं सांगायचं तर तिला त्याचं वाईटही वाटलं नव्हतं.

पण मागच्या दिवाळीनंतर एक बाई आली. कादंबरी नाव, कॉलेजात शिकवायची, वयाने वेणूएवढीच, पन्नाशीला टेकलेली. तीन दिवस ती ओटीवर पाय पसरून बसली. पुस्तक आणलं होतं, तेही उघडेना. दुसऱ्या दिवशी चहा देताना वेणूला राहवलं नाही.

"ताई, तुमच्यासंगती कोनी नाय?"

"नाही हो. वर्षातून एकदा मी एकटीच कुठेतरी जाते. मागच्या वर्षी श्रीलंकेला गेले होते."

"लंकेत? काय कराला?"

"हेच. बसायला. दुसऱ्या कुणीतरी रांधलेलं खायला."

बाई गेली, पण वेणूच्या डोक्यात भुंगा सोडून गेली. आठवडाभर तो गुणगुणत राहिला. शेवटी एका सोमवारी, पाहुणे नसताना, रात्रीच्या जेवणाला सगळे बसले होते तेव्हा तिने बोलून टाकलं, "मी लंकेला जानार हाय. एकली."

जगनला ठसका लागला. मुलगा प्रणित आणि सून रंजिता एकमेकांकडे बघू लागले.

"अगो, लोक आपल्याकरं येतात फिराला," जगन पाणी पिऊन म्हणाला. "आपुन कशाला जायचा?"

"म्हनूनच. मना एकदा पाहुनी व्हायचं हाय. गरम गरम खायचं, ताट तिथंच ठेवून उठायचं."

"मग करंज्याला जा. माहेर हाय ना तुझा."

"माहेरी गेली की भावजय म्हनते, वन्स, तुमच्या हातची भाकरी खाऊन लय दिस झाले. नि परात फुडं सरकवते."

प्रणित फस्सकन हसला. जगनने मान हलवली, हे त्यालाही नाकारता येईना. "बरं, मग मी पन येतो तुझ्यासंगती."

"तुमी आलाव की तिथं पन मीच तुमचा चष्मा शोधीत बसेन."

बोलण्यात राग नव्हता. रंजिता पनवेल शहरातली, लग्न होऊन दोन वर्षं झालेली. सासूबाई इतकं मोकळं बोललेल्या तिने पहिल्यांदाच ऐकल्या होत्या. ती म्हणाली, "जाऊ द्या ना आईंना. आठवडाभर मी बघते सगळं."

गावात बातमी फुटायला किती वेळ! कुणी म्हणालं, जगनशी भांडली. कुणी म्हणालं, कसला तरी नवस असेल. नणंद कुमुद तर कोन गावाहून रिक्षा करून आली.

"वयनी, सीतेला रावनानं उचलून नेली ती! तू तुझ्या पायानं चाललीस?"

"रावन गेला कवाच, कुमुद. आता तिथं एक बाई हाय, आपल्यासारखीच घरात पाहुने ठेवते."

कादंबरी लंकेत जिच्याकडे उतरली होती त्या बाईचा पत्ता तिने फोनवरून मिळवला होता. शिरोमा तिचं नाव. तिकीट, परवानगी हे सगळं प्रणितने फोनवर केलं. जगनने कुरकुर चालूच ठेवली, पण एक दिवस पनवेलच्या बाजारातून एवढी मोठी तांबडी बॅग घेऊन आला की वेणू म्हणाली, "हिच्यात मीच बसून गेली तर तिकीट लागाचा नाय." रंजिताने तिला दोन सैलसर कुर्ते शिवून आणले आणि इंग्रजीची चार वाक्यं पाठ करून घेतली.

नवं विमानतळ घराजवळ झालं होतं, डोक्यावरून विमानं जाताना दिसायची, पण तिचं विमान मुंबईहून होतं. तिथे काचेमागच्या साहेबाने पासपोर्ट उलटसुलट केला.

"एकट्याच? कोणाला भेटायला चाललात?"

"कोनाला नाय," वेणू म्हणाली. "बसाला."

साहेबाने एकदा तिच्याकडे बघितलं, गालात हसला आणि शिक्का मारला.

विमानात तिला खिडकी मिळाली. घाबरायचं असं तिने ठरवून ठेवलं होतं, पण ढगांच्या वर ऊन पडलेलं बघून ती ते विसरूनच गेली. भीती भेटली ती कोलंबोला उतरल्यावर. शिरोमाने गाडी पाठवली होती, ड्रायव्हर नावाची पाटी घेऊन उभा राहणार होता. बाहेर पाट्याच पाट्या, आणि सातवीपर्यंत शिकलेल्या वेणूला इंग्रजी अक्षरं एकेक करून जुळवावी लागत. लोक भराभरा पुढे जात होते. फोन लागेना. कुठल्या अवदसेनं हे सुचवलं, असं तिने स्वतःलाच विचारलं.

मग तिला एक गोष्ट आठवली. नेऱ्याच्या वाटेवर पाहुणे नेहमी चुकायचे आणि घाबरून फोन करायचे. ती त्यांना एकच सांगायची, 'जिथं हाव तिथंच उभं रहा, पुढं जाऊ नका. आमी येतो.' वेणू तांबडी बॅग पुढ्यात ठेवून खांबापाशी उभी राहिली. हलली म्हणून नाही. गर्दी पांगली आणि एक काळासावळा, मिशीवाला माणूस पाटी वरखाली करत तिच्यासमोर येऊन थांबला. "वेन्नू?" त्याने विचारलं. वेणूने इतक्या जोरात मान हलवली की तोही हसायला लागला.

शिरोमाचं घर दक्षिणेला, नारळीच्या बागेत, समुद्रापासून जरासं आत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती न्याहारी घेऊन आली. नारळाच्या दुधात शिजवलेल्या भाताच्या वड्या, माशाचं लालभडक कालवण, ओल्या खोबऱ्याची मिरची घातलेली चटणी. "बत्," भाताकडे बोट दाखवून शिरोमा म्हणाली. "भात!" वेणू म्हणाली, आणि दोघींना भलताच आनंद झाला. ताट ठेवून शिरोमा दाराशी उभी राहिली, कमरेच्या फडक्याला हात पुसत, तिच्या चेहऱ्याकडे बघत.

वेणूने ते उभं राहणं ओळखलं. पहिला घास घेतला आणि डोळे मिटून, मान डोलावून दाखवली. मुद्दाम जरा जास्तच. शिरोमाचे खांदे सैल झाले. "हरी, हरी," असं म्हणत ती आत गेली.

काय देवभक्त बाई आहे, वेणूला वाटलं. कारण शिरोमाच्या तोंडी दिवसभर हरीचं नाव. चहा आणला, हरी. चादर बदलली, हरी. फोनवर कुणाशी बोलली तरी हरी हरी.

पाहुणी होणं सोपं नव्हतं. ताट उचलायला हात आपोआप पुढे जायचे, वेणू ते मागे घ्यायची. आतून खोबरं खवल्याचा आवाज यायचा, फोडणी चरचरायची आणि हिचे पाय शिवशिवायचे. पण ती हट्टाने बसून राहिली. मग तिला त्यातली गंमत कळली. ओला टॉवेल तिने पलंगावर तसाच टाकला, नेऱ्याला येणारे पाहुणे टाकतात तस्सा. दुपारी दुसऱ्यांदा चहा मागितला आणि वर म्हणाली, "लेस शुगर." हे म्हणताना तिला इतकं हसू आलं की शिरोमा गोंधळून गेली. संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर जगनने विचारलं, "काय करतस?" तर ती म्हणाली, "काय नाय," आणि ते बोलताना तिला राणीसारखं वाटलं.

चौथ्या दिवशी एक मोठं कुटुंब दुपारचं जेवून निघून गेलं. आता घरात पाहुणी म्हणून वेणू एकटीच उरली. ती बाहेर आली तर शिरोमा पायरीवर बसली होती, पोटऱ्या दाबत. वेणू तिच्या शेजारी टेकली. झाडांच्या पलीकडून लाटांचा आवाज येत होता.

"यू, सी, गो?" वेणूने विचारलं.

शिरोमा हसली. हाताने गुडघ्याएवढी उंची दाखवून म्हणाली, "सन. स्मॉल टाइम." मुलगा तेवढा लहान असताना गेली होती. मुलगा आता कोरियात कारखान्यात होता, लग्नाच्या वयाचा झालेला.

समुद्र तर चालत जाण्यासारखा. वेणूला आधी नवल वाटलं, मग वाटेनासं झालं. ती स्वतः करंज्याची. तिच्या लहानपणी समुद्र म्हणजे होड्या लागण्याची वेळ, मासळीचा लिलाव, डोक्यावरची टोपली आणि वाळत घातलेल्या सुकटीवरचे कावळे हाकणं. नुसतं बघत बसायला समुद्रावर ती तरी कधी गेली होती?

"चल," ती उठून म्हणाली. "कम."

"नो, नो. डिनर," शिरोमाने स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं.

वेणू कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "गेस्ट कोन? मी. आय गेस्ट. आय नो डिनर. जेवनार नाय मी आज. नो गेस्ट ईट, नो कुकिंग. कम!"

यातलं कळलं किती कोण जाणे, पण पाहुणीचा शब्द मोडायची शिरोमाला सवय नव्हती. तिने फडकं सोडलं, केसांवरून हात फिरवला, दाराला कडी लावली.

किनाऱ्यावर ऊन कलतं होतं. दोघी आधी नुसत्याच उभ्या राहिल्या, परक्याच्या ओटीवर उभं राहावं तशा. मग एक लाट आली आणि शिरोमा किंचाळून मागे पळाली. दुसऱ्या लाटेला पळाली नाही. तिसऱ्या लाटेला दोघींनी एकमेकींचे हात धरले होते आणि कुर्ता नि झगा गुडघ्यापर्यंत भिजले होते.

भूक लागली तेव्हा एका हातगाडीवर गेल्या. गाडीवाला लोखंडी तव्यावर रोटीचे तुकडे, अंडी, भाज्या दोन पात्यांनी खटाखट चिरत होता. दोघी वाळूत बसल्या. पहिला घास घेतला आणि दोघींनी एकाच वेळी तोंड वाकडं केलं.

"लुणू," शिरोमा कुजबुजली.

"मीठ!" वेणू म्हणाली. "लय झालंय!"

गाडीवाल्याकडे चोरून बघत दोघी खुसखुसत राहिल्या. त्याचं तेल कसं कमी तापलं, अंडं कसं उशिरा घातलं, हे वेणूने मराठीत आणि शिरोमाने सिंहलीत एकमेकींना समजावून सांगितलं, आणि ताटली मात्र दोघींनी चाटूनपुसून संपवली.

मग वेणूने विचारलं, "यू, देव, गॉड, व्हेरी मच? ऑल डे हरी हरी?" तिने हात जोडून दाखवले.

शिरोमा आधी बघत राहिली. मग तिला उमगलं, आणि ती हसून हसून वाळूत आडवीच झाली. "हरी... ओके! हरी मीन्स ओके!"

वेणूही हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग अंधार पडायला लागला तरी कुणीच उठलं नाही.

निघायच्या दिवशी शिरोमाने खोबऱ्याची वडी बांधून दिली आणि गळ्यात पडली. वेणू गाडीत बसली तेव्हा तिला दोन्हीही वाटत होतं, घराची ओढ आणि इथून जाऊ नये असंही.

मुंबईला विमानतळावर जगन स्वतः आला होता. नवा शर्ट, दाढी केलेली. बॅग तिच्या हातातून घेत म्हणाला, "बारीक झालीस."

"खोटं नका बोलू. तीन किलो वाढली असेन."

"बरं दिसतंय मग," तो म्हणाला आणि लाजून भराभर चालू लागला.

घरी आली तर स्वयंपाकघर ओळखू येईना. रंजिताने डबे हलवले होते, चुलीजवळची मांडणी खिडकीकडे गेली होती, मसाल्यांवर चिठ्ठ्या लागल्या होत्या. आपल्यावाचून अडलं नाही, हे बरं वाटावं की वाईट? ती काही बोलणार, तेवढ्यात तिच्या ध्यानात आलं की हळदीसाठी आता वाकावं लागत नाही.

"चांगलं केलंस गो," ती म्हणाली. रंजिताचा चेहरा उजळला. तिने वेणूला पाटावर बसवलं, गरम भाकरी ताटात टाकली आणि दाराशी उभी राहिली. वेणूने तिला हाताला धरून शेजारी ओढलं. "उभी नको राहूस. संगती जेव."

भाकरी जरा जाड होती. वेणूने दुसरीही मागून घेतली.

लंकेच्या गोष्टी ऐकता ऐकता रंजिता हळूच म्हणाली, "आई, पुढच्या वर्षी मीही येऊ तुमच्याबरोबर?"

वेणूने तिच्याकडे नीट बघितलं. या पोरीलाही आख्खा आठवडा चुलीपुढेच काढावा लागला होता.

"माझ्याबरोबर नाय," ती म्हणाली. "माझ्याबरोबर आलीस तर तू माझी सून होऊनच येशील. पुढच्या वर्षी तू जा. एकली. चूल मी बघते."

ओटीवरून जगनचा आवाज आला, "नि माझा नंबर कवा?"

"तुमचा चष्मा सापडला की," वेणू म्हणाली आणि भाकरीचा पुढचा तुकडा मोडला.