वकीलसाहेबांचे शॉकअप

गोपाळराव हेरेकर बेळगावच्या कोर्टात कधी आवाज चढवत नसत. पण त्यांच्या निळ्या स्पोर्ट्स कारबद्दल कुणी वावगं बोललं, की त्यांच्या कपाळाला आठ्या पडत. आणि गेले काही दिवस वावगं बोलणारं माणूस घरातच होतं.

झालं होतं असं. कागलच्या पुढे एका हौशी कारखानदारानं माळावर गाड्या पळवायचा ट्रॅक बांधला आहे. तिथे अधूनमधून रविवारी आसपासचे डॉक्टर, बिल्डर आणि व्यापाऱ्यांची पोरं आपापल्या गाड्या घेऊन जमतात आणि रस्त्यावर जे करता येत नाही ते मनसोक्त करून घेतात. साठी ओलांडलेल्या वकिलानं त्यात असावं का, हा प्रश्न वेगळा. गोपाळराव असत. दिवाळीनंतरच्या रविवारी एका वळणावर त्यांच्या गाडीनं गिरकी घेतली आणि ती थेट गवतात जाऊन बसली. मनगटाला पट्टी बांधून साहेब घरी आले. पत्नी लतिकाबाईंनी ती पट्टी सोडून नीट बांधून दिली आणि बांधता बांधताच सांगून टाकलं की आता ही गाडी विकायची.

गोपाळरावांनी आपली बाजू मांडली. दोष चालवणाऱ्याचा नव्हता, शॉकअपचा होता. शॉकअप झिजले की गाडी एकदा उसळली म्हणजे उसळतच राहते, चाक रस्ता धरत नाही, आणि वळणावर मागचा भाग कुठे जाईल याचा नेम नसतो. लतिकाबाई हायस्कुलात गणित शिकवून नुकत्याच निवृत्त झालेल्या. कारणं ऐकण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. त्यांनी एक अट घातली. नवे शॉकअप बसवा. पुढच्या वेळी तुमच्याच आजवरच्या सगळ्यात कमी वेळेपेक्षा कमी वेळात फेरी मारलीत, तर दोष गाडीचा होता असं मी मानीन आणि पुन्हा विषय काढणार नाही. नाही जमलं तर दोष तुमचा, आणि गाडी विकायची. गोपाळराव हो म्हणून बसले. अशिलानं असं काही कबूल केलं असतं तर त्यांनी त्याला चांगलं फैलावर घेतलं असतं.

निपाणीच्या अलीकडे हायवेला लागून भावकूचं गॅरेज आहे. भावकू तोंडाचा भारी. पूर्वी तो पुण्यात रॅलीच्या गाड्यांवर काम करायचा आणि हे तो गाडीचं बॉनेट उघडायच्या आधी सांगतो. गोपाळरावांची त्या दिवशी निपाणी कोर्टात तारीख होती, लतिकाबाईंना तिथल्याच बहिणीकडे जायचं होतं, म्हणून दोघं मिळून गाडी सोडायला गेली. भावकूनं गाडीच्या एका कोपऱ्यावर दोन्ही हातांनी जोर दिला आणि सोडला. गाडी वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली आणि पाळण्यासारखी झुलत राहिली. त्यानं वाकून चाकाच्या आत बोट फिरवलं आणि शॉकअपमधून गळलेल्या तेलानं माखलेलं बोट लतिकाबाईंना दाखवलं. गोपाळरावांना खटला निम्मा जिंकल्यासारखं वाटलं.

आता नवे शॉकअप बसवण्यात एक मेख असते. त्यांचे खालचे बोल्ट गाडी जॅकवर टांगलेली असताना आवळून चालत नाहीत, आतलं रबर पिळवटून बसतं. गाडी चाकांवर उभी पाहिजे, आणि चालवणाऱ्याचा भार सीटवर पाहिजे. मग उंची मापायची, स्प्रिंग जुळवायची आणि बोल्ट आवळायचे. पण चालवणारा तर कोर्टात जाणार. भावकूपाशी त्यावर तोड होती. गॅरेजमागेच त्याच्या भावाचं गुऱ्हाळ होतं. माणसाच्या वजनाइतक्या गुळाच्या ढेपा पोत्यात बांधून सीटवर ठेवायच्या की झालं. पुढाऱ्यांची गूळतुला करणारा मुलूख हा, इथे कुणाला त्यात काही वेगळं वाटत नाही.

"साहेब, वजन किती तुमचं?" भावकूनं विचारलं.

प्रश्न साधा होता. पण लतिकाबाई तिथेच उभ्या होत्या. डॉक्टरांनी सांगितल्यापासून त्यांनी नवऱ्याचा भात कमी केला होता, साखर बंद केली होती आणि त्याला रोज सकाळी किल्ल्याकडे फिरायला धाडलं होतं. गोपाळराव प्रामाणिकपणे किल्ल्यापर्यंत जात आणि तितक्याच प्रामाणिकपणे परतीच्या वाटेवर लोणी डोसा खात. घरी मात्र वजन भराभर उतरत असल्याचं ते सांगत. वजनकाटा बिघडला म्हणून त्यांनी तो स्वतःच माळ्यावर टाकला होता.

"बहात्तर," ते म्हणाले.

भावकूनं त्यांच्या पोटाकडे एकवार पाहिलं, पण गिऱ्हाईक, त्यात वकील. त्यानं ढेपा मोजून आणायला सांगितलं. लतिकाबाईंच्या चेहऱ्यावर मात्र असं समाधान पसरलं की गोपाळरावांना क्षणभर खरोखरच वाईट वाटलं. मग ते घाईघाईनं कोर्टात गेले.

दुपारी परत आले तेव्हा शेजारच्या चहावाल्यासकट पाचसहा जण गाडीभोवती उभे होते. ड्रायव्हरच्या सीटवर पट्टा लावून गूळ बसला होता आणि गाडीखालून भावकूचे नुसते पाय दिसत होते. वकीलसाहेबांपेक्षा हा ड्रायव्हर बरा, निदान बोलत तरी नाही, असं चहावाला म्हणाला. सगळे हसले, बहिणीकडून परतलेल्या लतिकाबाई जरा जास्तच. जुने शॉकअप कोपऱ्यात पडले होते. त्यातल्या एकाचा दांडा भावकूनं बाहेर येऊन दाबून दाखवला, तो निमूट आत गेला आणि वर यायचं नावच घेईना.

मग तो रविवार आला. गोपाळराव ट्रॅकला जायला लागल्यापासून पहिल्यांदाच लतिकाबाई बरोबर आल्या. अट त्यांची होती, निकालही त्यांनाच द्यायचा होता. भावकू आपलं काम बघायला म्हणून आला होता.

पहिल्याच फेरीत गोपाळरावांना कळलं की गाडी पार बदलली आहे. उसळणं नाही, तरंगणं नाही, जिथे वळवावी तिथे ती मुकाट वळत होती. ते आनंदले. पण जिथे गाडीनं गिरकी घेतली होती ते वळण दिसलं आणि त्यांचा पाय आपसूक ब्रेकवर गेला. दुसऱ्या फेरीत तेच, तिसऱ्या फेरीतही तेच. गाडी आणखी वेग मागत होती आणि ते देत नव्हते. त्यांना भीती वाटत होती. इतके दिवस ती त्यांनी शॉकअपच्या नावावर खपवली होती, आता शॉकअप नवे होते आणि भीती तिथेच होती. फलकावर लागलेली त्यांची वेळ त्यांच्याच जुन्या वेळेपेक्षा जास्त भरली.

गाडीतून उतरताना ते अगदी रडवेले झाले. या गाडीवर त्यांचा फार जीव होता. आता ती दुसऱ्या कुणाच्या तरी दारात उभी राहणार, हे त्यांना सहन होईना. मग बुडणाऱ्या बाजूचा वकील जे करतो तेच त्यांनी केलं. शेवटचा मुद्दा काढला.

"लतिका, निकाल लावू नकोस. गाडी चुकीच्या वजनावर बसवली आहे. माझं वजन बहात्तर नाही."

"मग किती?"

गोपाळरावांनी खरा आकडा सांगितला. लोणी डोसाही सांगितला, माळ्यावरचा वजनकाटाही चालू असल्याचं सांगितलं. पलीकडे हेल्मेट पुसत उभी असलेली दोन कॉलेजची पोरं तोंड फिरवून हसली. लतिकाबाई हसल्या नाहीत.

"माझं वजन सत्तरच्या आसपास आहे," त्या म्हणाल्या. "म्हणजे तुमच्या म्हणण्याप्रमाणे ही गाडी माझ्यासाठी बसवली आहे. खरं-खोटं करून बघते. हेल्मेट द्या."

लतिकाबाईंचे वडील खानापूरचे लाकडाचे ठेकेदार. जंगलातल्या चिखलवाटांवर लग्नाआधी त्या वडिलांची जीप चालवत. गोपाळरावांना हे ठाऊक होतं, पण बेळगावात आल्यावर बायको स्कूटरवरून शाळेत जायला लागली आणि ते ही गोष्ट पार विसरून गेले. ट्रॅकवरच्या माणसानं लतिकाबाईंचं लायसन्स बघितलं, नियम समजावले आणि झेंडा दाखवला.

पहिली फेरी त्यांनी वाट ओळखण्यात घालवली. दुसरीत जरा सैल सोडली. तिसरीत त्या वळणाशी आल्या तेव्हा गोपाळरावांनी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा गाडी वळणापार गेली होती आणि इंजिनाचा आवाज चढतच होता. फेरी पुरी झाली तसं त्यांनी फलकाकडे पाहिलं. त्यांच्या आजवरच्या सगळ्यात चांगल्या वेळेपेक्षा ती वेळ कमी होती, आणि नुसती केसभर नव्हे.

"बघितलंस?" त्यांनी भावकूचा दंड धरला. "वजनाचाच फरक. मी सांगत होतो."

भावकूला खोटं बोलायची सवय होती, पण गाडीच्या बाबतीत नव्हती.

"साहेब, रबर जरा कमीजास्त बसंल, येवढंच. पंधरा किलो, म्हंजे दीड ढेप. तेवढ्यानं येवढा फरक पडत न्हाय," तो म्हणाला. "वैनी लई भारी चालवत्यात."

गाडी येऊन थांबली. लतिकाबाईंनी हेल्मेट काढलं. केस घामानं कपाळाला चिकटले होते, गाल लाल झाले होते आणि त्या हसत होत्या. असं हसताना गोपाळरावांनी त्यांना कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. त्यांना बायकोचा हेवा वाटला आणि अभिमानही वाटला, आणि त्यातलं जास्त काय हे त्यांना ठरवता येईना. अटीत 'तुम्ही फेरी मारलीत तर' असं होतं, 'गाडीनं मारली तर' असं नव्हे, म्हणजे निकाल आपल्या विरुद्धच आहे, हे त्यांच्यातल्या वकिलाला कळत होतं. त्यांनी स्वतःच तोंड उघडलं.

"मी हरलो," ते म्हणाले. "उद्याच गिऱ्हाईक बघतो."

लतिकाबाईंनी स्टिअरिंगवरचा हात काढला नाही.

"गाडीत काही दोष नाही, तर विकायची कशाला?" त्या म्हणाल्या. "पुढच्या रविवारी मी चालवते. तुम्ही शेजारी बसा. त्या वळणाला भीती वाटली तर सांगा, मी हळू घेईन."

गिरकीनंतर आपल्याला भीती वाटते आहे, हे गोपाळरावांनी कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोला तर नाहीच. ते पुढे होऊन काचेवरची धूळ आपल्या रुमालानं पुसायला लागले. तेवढ्यात ती कॉलेजची पोरं जवळ आली आणि काका, गाडी एकदम मस्त आहे, कुणाची, म्हणून विचारायला लागली.

"हिची," गोपाळराव म्हणाले.