सदतिसावी पोथी

यशश्री टेंभुर्णीला आली ती राष्ट्रीय ग्रंथालयाचं ओळखपत्र गळ्यात तसंच ठेवून, आणि तेच आधी गंधालीच्या डोळ्यांत खुपलं. दोघींनी जालन्याच्या एकाच कॉलेजात रसायनशास्त्राची पदवी घेतली होती; गंधालीला दोन टक्के जास्तच होते. पण यशश्री तिकडे दुर्मिळ ग्रंथांच्या विभागात लागली आणि गंधाली गावच्या वाचनालयाला दान मिळालेल्या बासष्ट पोथ्या सांभाळत राहिली. दोन वर्षं तिनं एकेक बासन सोडून झाडलं, वेखंडाच्या पुरचुंड्या ठेवल्या, पानं मोजून यादी केली. आता त्यांतली एक पोथी ग्रंथालयाच्या संग्रहालयात मांडायची होती. पोथीखालच्या पाटीवर ती ओळखणाऱ्याचं नाव लागणार होतं. आणि निवडायला आली होती यशश्री.

"दोन वर्षं पोरगी एकटी करून राह्यली सगळं," वाचनालयाचे चिटणीस धर्मराजकाका म्हणाले आणि लगेच पाहुणीकडे वळले. "तुम्ही बसा मॅडम, पंखा लावतो."

गंधालीसाठी दोन वर्षांत कुणी पंखा लावला नव्हता.

दुपारपर्यंत यशश्रीनं सगळ्या पोथ्या पाहिल्या आणि सदतिसावी बाजूला काढली. बैलांच्या दुखण्यांवरची, समासात बैलांची चित्रं असलेली.

"ती शिळाछाप आहे," गंधाली म्हणाली. "दगडावरून छापलेली. यादीत लिहिलंय मी. अक्षर बघ, सगळं एका मापाचं."

"भिंगातून पाह्यलंस?"

"त्याला भिंग कशाला पाहिजे?"

"बघ तर. बोरू शाईत बुडवला की पहिली दोन-तीन अक्षरं काळीभोर, मंग फिकी होत जातात. परत काळी. छापलेली असती तर सारखी उठली असती. हातची आहे गं ही."

काकांनी भिंग घेतलं, बराच वेळ पाहिलं आणि "बराबर आहे" म्हणून मोकळे झाले.

गंधालीचा चेहरा तापला. एक नोंद चुकली तर उरलेल्या एकसष्टांवर कोण भरवसा ठेवणार? आणि चूक काढणारी कोण, तर कॉलेजात प्रयोगाचे आकडे गंधालीच्याच वहीतून उतरवून घेणारी.

"थांब, आत्ता दाखवते," गंधाली म्हणाली. छापखान्याची शाई तेलातली, पाण्यानं हलत नाही. हातानं लिहायची काजळाची शाई हलते. म्हणूनच पोथीला ओलं बोट लावू नये, अशी सूचना तिनं स्वतः कपाटावर चिकटवली होती. यशश्री "अगं, गंधे" म्हणेपर्यंत तिनं बोट जिभेला लावून ओळीच्या शेवटच्या अक्षरावर टेकवलं.

अक्षर बोटाबरोबर उठून आलं. पानावर राखी डाग राहिला.

यशश्रीनं पिशवीतून टिपकागद काढला, डाग हलकेच टिपला आणि तपासणीचा फॉर्म पुढे ओढला. नुकसानाच्या रकान्यापाशी तिचं पेन थांबलं.

"जुना डाग म्हणून लिहिते," ती हळूच म्हणाली. "कुणाला कळणार न्हाई."

ती ओरडली असती तर गंधालीला सोसलं असतं. नोकरी तिची, पोथी तिनं ओळखलेली, आणि आता मनाचा मोठेपणाही तिनंच दाखवायचा.

"जुना न्हाई. आजचा आहे, ओल्या बोटाचा. माझं नाव घाल."

"कशाला? तिकडं कायमचं राहील ते."

"राहू दे. आडनावासकट घाल."

काका मध्ये पडायला आले, पण गंधालीचा चेहरा पाहून चहा सांगायला निघून गेले. यशश्रीनं लिहिलं. गंधालीनं वाकून शब्दन् शब्द तपासला.

मग तिनं आपली यादी उघडली, सदतिसाव्या ओळीतलं 'शिळाछाप' खोडलं आणि 'हस्तलिखित' असं लिहिलं. शेजारी, दुरुस्ती कुणी सुचवली, यासाठी एक रकाना होता. तो तिनं कोरा ठेवला.