गिरणीतलं इंजिन

"बाई, हे इंजिन मेलं. आता काहीही करा, उठायचं नाही," मिस्त्री हात पुसत म्हणाला.

नर्सबाई जीपच्या उघड्या बॉनेटमध्ये बघत राहिल्या. इंजिनच्या ब्लॉकला गेलेला तडा बोटाला लागत होता. जीप त्यांच्याहूनही वयानं मोठी. पण डोंगरावरच्या वस्तीला पोचणारी तीच एक. नव्या गाड्या दुसऱ्या वळणावरच मान टाकायच्या. ऑफिसातून निरोप आला होता, गाडी भंगारात काढा, तुम्हाला शहरात बदली देतो. जीप बंद पडल्यावर वस्तीवरच्या एका अडलेल्या बाईला खाटेवरून खाली आणावं लागलं, आणि मूल वाटेतच गेलं. नर्सबाईंनी निरोपाला उत्तरच दिलं नाही.

"दुसरं बसेल?"

"बसवीन की! पण आणणार कुठून? याला चालेल असं डिझेल इंजिन एकाच ठिकाणी आहे. गिरणीवाल्या आजीकडे. त्यावरच दळण दळते ती. मी दोनदा हात हलवत परत आलोय."

नर्सबाई त्याच दुपारी गेल्या. आजी भुवयांपर्यंत पिठानं पांढरी झालेली.

"विकायचं नाही. आमच्या ह्यांनी बसवलंय. हे गेले, पण ते अजून एका दमात चालू होतं."

"विकत नकोच. माझ्या भावाच्या आटलेल्या विहिरीवर विजेची मोटर पडून आहे. ती इथं बसवून देते. दळण थांबणार नाही तुमचं."

"आणि इंजिन जाणार कुठं?"

"जीपमध्ये. वरच्या वस्तीला."

आजीचा हात पिठाच्या डब्यावरच थांबला.

"माझं माहेर ते. आई गेली तेव्हाही पोचले नाही. आता हे गुडघे कुठले चढतायत!" मग एकदम म्हणाली, "पहिल्या फेरीला मला न्यायचं. कबूल?"

"कबूल."

मोटर गिरणीत बसली आणि इंजिन गॅरेजात आलं. ड्यूटी संपली की नर्सबाई तिथंच. इंजिन जुन्या जागेत मावेना, म्हणून मिस्त्रीनं चासीवरचे आधार कापून नवे जोडले. गिअरबॉक्सची भोकं जुळेनात, तेव्हा लेथवाल्याकडून मध्ये घालायची जाड चकती करून घेतली. ती वाकडी निघाली. दुसरीही.

"बाई, केसाएवढा तर फरक आहे!" लेथवाला वैतागला.

"त्या केसापायी घाटात गिअरबॉक्स गेला, तर धक्का मारायला तू येणार आहेस का?"

त्यानं निमूटपणे पुन्हा लेथ सुरू केलं. ही चकती चपखल बसली.

जीप चढली. पहिल्या गिअरमध्ये गुरगुरत, दगड चुरडत, पण चढली. ठेवणीतले कपडे घातलेली आजी पुढच्या सीटवर, गाडी चालवणाऱ्या नर्सबाईंशेजारी ताठ बसली होती.

वर तिचं घर उरलं नव्हतं. नुसता चौथरा, त्यावर कुणाच्या तरी शेळ्या बांधलेल्या. एका म्हाताऱ्यानं बराच वेळ न्याहाळून विचारलं, "तू थोरली की धाकटी?"

"धाकटी."

त्यानं मान हलवली आणि तो आपल्या वाटेनं गेला.

नर्सबाई घरोघरची तपासणी करून परतल्या, त्या एका पोरीला धरूनच. दिवस भरलेले, कळा सुरू झालेल्या.

"आजी, जरा—" म्हणत त्यांनी पाहिलं, तर पुढची सीट रिकामी. आजी मागे औषधांच्या खोक्यांमध्ये, पाय पोटाशी घेऊन बसली होती.

"तिला पुढे घे. पुढे हादरे कमी लागतात," ती म्हणाली, आणि चौथऱ्याकडे पाठ करून तिनं टपाचा दांडा घट्ट धरला.