एक वीत

गोविंदकाका दारात यायच्या आधी त्यांची खरखर यायची. हातात चामडी कव्हरचा जुना रेडिओ, आणि काटा दोन स्टेशनांच्या मधे मुद्दाम अडकवलेला. ना गाणं, ना बातम्या. सुक्या पानांवरून कुणी लांब चाललंय तशी नुसती सळसळ. मला वाटलं, म्हातारा बहिरा हाय, बिचाऱ्याला स्टेशन लावता येत न्हाय. मी मोठ्या मनानं भजन लावून दिलं. काका हसले आणि काटा परत खरखरीवर नेला.

काका म्हणजे आमच्या कारखान्याचे वायरमन. वज्रेश्वरीच्या रस्त्यावर त्यांचं गाव. आश्विनात एसटीतून उतरले की पँटीला भाताच्या कापणीची कुसळं चिकटलेली असायची, आणि आमच्या तेलकट शेडमधे एवढंसं शेत यायचं. पत्र्याच्या भोकातून उन्हाची एक काडी खाली पडायची. काका तिथंच उभे राहायचे, डोळे मिटून, मशीनचं ऐकत. मी बी एकदा तसा डोळे मिटून उभा राह्यलो. झोप लागली.

मी कामतघरचा. दहा वर्षं कापडाचे माग चालवले, शाळा म्हणाल तर तीच. मंग दामूशेठनी मागाचे शाफ्ट बनवायला कम्प्युटरवर चालणारी लेथ आणली, आणि मला तिच्यावर ठेवलं. गल्लीत मी साहेब झालो. पण मशीन मधेच दचकायची. गुण्यागोविंदानं चालता चालता तिचं लोखंड कापायचं टूल केसभर सरकायचं, शाफ्ट भंगारात. मी म्हटलं भूत हाय, आणि लिंबू-मिरची बांधली. त्यानंतर ती जास्तच दचकायला लागली.

तवा काकांनी रेडिओ पॅनेलसमोर धरला. खरखर एकदम अंगावर आली.

"हे बघ सख्या, तुझं भूत," काका म्हणाले. "मोटारीची ही जाडी वायर कल्ला करते. आणि ही बारकी मशीनच्या कानात सांगते, कुठं थांबायचं ते. दोघी चिकटून चालल्या, तर बारकीचं बोलणं कुणाला ऐकू येणार?"

त्यांनी दोघींना वेगळं केलं. एक या भिंतीनं, एक त्या. जिथं जागाच न्हवती तिथं मधे आपली वीत ठेवून मापलं. बारकीच्या अंगावरची तांब्याची जाळी एकाच टोकाला अर्थिंगला बांधली, आणि मला सांगितलं, अर्थिंगच्या खड्ड्यात रोज तांब्याभर पाणी घालायचं, तुळशीला घालतो तसं. मंग परत रेडिओ धरला. खरखर अशी खाली बसली, जशी दुपारी माग बंद झाल्यावर गल्लीतली धूळ बसते. त्या शांततेत काकांचा चेहरा मला दिसला. हातपाय धुवून देवासमोर बसलेल्या माणसासारखा.

ती शांतता मी बिघडवली.

खंडेनवमीला मशीनची पूजा. शेठचे पाव्हणे येणार. मी मशीन पुसली, झेंडू लावला, आणि मला त्या दोन भिंतींवरच्या दोन वायरी लय गबाळ्या दिसल्या. मी दोघींना एकत्र आणून वेणीसारखं नीट बांधलं. मागाचं पांढरं सूत घेतलं आणि जागोजाग आमची गाठ मारली. तुटलेला धागा जोडायची ती बारीक गाठ. प्रत्येकाच्या हाताची वेगळी असते, माझी डावरी हाय. पाव्हणे म्हणाले, काय नीटनेटकं काम! मी तीन पेढे जास्त खाल्ले.

दसऱ्यानंतर मशीन परत दचकली. चार दिवस शाफ्ट फुकट गेले. शेठनी काकांना बोलावलं आणि सगळ्यांसमोर सुरू झाले.

"काय काका, कान गेले का तुमचे? हे काम म्हणायचं?"

मला तवाच कळलं होतं. ती वेणी माझीच होती. बोललो तर मशीन हातातून जाणार, परत कामतघरचे माग. तोंड उघडायलाच पायजे होतं, आणि मी उघडलं बी.

"काका, रेडिओचे सेल बदला!" मी म्हटलं. सगळे हसले. मी सगळ्यात जोरात.

काकांनी रेडिओ लावलाच न्हाय. वाकून त्या वेणीवरनं बोट फिरवलं. एका गाठीवर बोट थांबलं. माझ्याकडं बघितलं, रागानं न्हाय. उन्हातून आत आल्यावर माणूस अंधाराकडं बघतो तसं. मंग नखानं एकेक गाठ सोडवली, सूत गुंडाळून खिशात घातलं, आणि मधे वीत ठेवून वायरी परत वेगळ्या केल्या.

"माझंच चुकलं, शेठ," ते म्हणाले. "वायरी जवळ आल्या होत्या."

जाताना माझ्यापाशी थांबले. हळूच म्हणाले, "गाठ चांगली मारतोस रे."

त्यानंतर शेठनी दुसरा वायरमन लावला.

मी माफी मागायला दोनदा निघालो. एकदा त्यांचं गाव आलं तरी उतरलो न्हाय, थेट वज्रेश्वरीला गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून बसलो आणि पाय शेकून परत आलो. दुसऱ्यांदा उतरलो. पारावर पाणी प्यालो, वाक्य पाठ केलं, आणि समोरून आलेल्या पहिल्या एसटीत चढलो. तिसऱ्यांदा जायच्या आधी एका कंडक्टरनं सांगितलं, काका भाद्रपदात गेले. मी म्हटलं, अरेरे. एवढंच जमलं.

शेठला मी अजून सांगितलेलं न्हाय. अर्थिंगला पाणी रोज घालतो. आणि मशीन सुरू करायच्या आधी त्या दोन वायरींच्या मधे हात पसरून बघतो. काकांनी आपल्या वितीनं ठेवलेली जागा तशीच हाय. एवढी वर्षं मी बोटं ताणतोय, पण माझी वीत तिथं पुरत न्हाय, बोटभर कमीच पडते.