दहाव्याचा माइक

कुशाबाईंनी सरपंचाच्या हातातला कागद काढून घेतला आणि त्याच्याच तोंडापुढं धरला.

"वाच. ह्यात माझं नाव कुठं हाय ते दाव."

सुदर्शन सरपंच नात्यानं पुतण्या. त्यानं आधी घाटावर नजर फिरवली. पिंडाला कावळा शिवून गेला होता, महाराजांचं प्रवचन आवरत आलं होतं, आणि पत्र्याच्या शेडखाली तीन-चारशे माणूस मांडी घालून बसलं होतं.

"काकी, ही श्रद्धांजलीवाल्यांची यादी हाय. चेअरमन, उपसभापती, आन शेवटाला तालुक्याचे पुढारी भिमाजीशेठ. तू घरची. घरच्यांनी बोलायचं नसतं."

"आन प्राची शेजारची व्हय? तिचं नाव कसं घुसलं?"

सुदर्शननं कागद हळूच सोडवून घेतला आणि घडी घातली.

हौशीराम जाऊन दहा दिवस झाले होते. माणूस अबोल. छप्पन्न वर्षांच्या संसारात दोघांच्या वाटचं बोलणं कुशाबाईंनीच केलं होतं. शाळा दुसरीपर्यंत, पण त्या समोरून येताना दिसल्या की ग्रामसेवक गल्ली बदलायचा, आणि महाळुंग्यात सोयरीक जमवायला आलेले पावणं आधी त्यांना नमस्कार घालायचे. आपल्या जिभेला अख्खा गाव टरकतो, याचा त्यांना भारी अभिमान होता.

नातीनं ती जीभ उचलली होती, असं त्यांना वाटायचं. प्राची तळेघरकडच्या एका वाडीत कंत्राटी शिक्षिका होती. एसटीतून उतरून पाऊण तास डोंगर चढायची. शाळेचा पत्रा तीन वर्षं लोंबत होता, अर्ज देऊन हात दुखले होते. एका संध्याकाळी तिनं गावाच्या ग्रुपवर दोन ओळी टाकल्या. 'भिमाजीशेठ दहाव्याला कधी चुकत नाहीत. आमचा पत्रा एखाद्या लेकराच्या डोक्यात पडला, म्हणजे शाळेतही येतील.'

तेवढंच. त्यात शिवी नाही की खोटं नाही. पण दुसऱ्या दिवशी शेठच्या माणसांनी पोलिसांत अर्ज दिला की मयतांची चेष्टा झाली, लोकांच्या भावना दुखावल्या. प्राचीला ठाण्यात चार तास बाकावर बसवलं. जूनमध्ये पुन्हा नेमणूक मिळणार नाही, असं कुणीतरी फोनवरून सांगितलं. मग प्राचीचा बाप रामनाथ शेठच्या बंगल्यावर जाऊन आला. चार माणसांत माफी मागितली तर अर्ज मागं घेऊ, असं ठरलं. त्याच आठवड्यात हौशीराम गेले, आणि चार माणसं आयतीच जमली.

"आई, आज तू गप बस," रामनाथनं सकाळी हात जोडले होते. "पोरीच्या पोटाचा प्रश्न हाय."

कुशाबाईंनी सकाळपासून मनाशी वाक्यं जुळवली होती. समद्यांसमोर शेठला असं उभं-आडवं घ्यायचं की पोरीला माफी मागायला लावायचं त्याला तोंडच राहू नये.

माणसं एकेक करून माइकवर आली. हौशीरामला कधी न भेटलेली माणसं त्याच्या आठवणीनं गहिवरली. उपसभापती परत जाग्यावर बसायला वळले, तोच कुशाबाई उठल्या. बाया पाय आवरू लागल्या. सुदर्शन आडवा आला, पण दहाव्याला विधवेच्या अंगाला हात कोण लावणार? त्यांनी माइक दांड्यासकट जवळ ओढला.

"मला भाषण येत न्हाई," त्या म्हणाल्या. शेड शांत झालं. "माझा मालक गेला त्याचं दुःख माझ्यापाशी हाय, ते मी हितं वाटीत न्हाई. मी ह्या भिमाजीशी बोलायला आलीय."

पहिल्या रांगेत, पांढऱ्या कपड्यात बसलेल्या शेठनं मान वर केली.

"भिमाजी, दोन सालामागं तू मंचरच्या स्टेजवरून त्या बाई अधिकाऱ्याला काय काय म्हनलास? आया-बाया व्हत्या समोर. तुझ्यावर केस झाली, तवा तू मोर्चा काढलास. बोलायचा हक्क, बोलायचा हक्क! आमाला टेंपोत कोंबून नेलं, तोंडाला काळ्या पट्ट्या बांधल्या. ह्या म्हाताऱ्यानं जन्मभर जे केलं न्हाई, माझं तोंड बांधायचं, ते तू एका दिसात केलंस!"

मागून कुणीतरी फस्सकन हसलं. मग बायांच्या बाजूनं खसखस पिकली. दहाव्याला हसू नये म्हणून माणसांनी खाली माना घातल्या, पण खांदे हलत होते.

"हसू नका," कुशाबाई म्हणाल्या. "मी हसायचं बोलत न्हाई."

त्यावर आणखी हसले.

"तू आईवरनं शिव्या दिल्यास तर ती मातीतली भाषा. आन माझ्या पोरीनं पत्रा पडंल म्हनलं तर गुन्हा? तिनं कुणाच्या बापाचं खाल्लं? तुला लाज हाय का रं थोडी?"

"हाण आजी!" मागून आरोळी आली. चार-पाच मोबाइल वर झाले होते. कुशाबाईंना वाटलं, जमलं. माणसं आपल्या बाजूला आली. त्यांनी शेठकडं पाहिलं. शेठ सगळ्यांपेक्षा जास्त हसत होता. डोळे पुसत होता.

तो उठला, सावकाश चालत आला आणि सगळ्यांदेखत वाकून त्यानं कुशाबाईंच्या पायांवर डोकं ठेवलं. मग त्यांच्या खांद्यावर हात टाकून त्यानं माइक आपल्याकडं वळवला.

"अशी माणसं आता राहिली नाहीत," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज खरंच भरून आला होता. "तोंडावर बोलणारी. आज आजीनं मला झापलं. माझ्या आईनंतर मला झापणारं कुणी नव्हतं. आजी, तुम्ही बोलायचं. हक्कानं बोलायचं. ह्या तालुक्यात तुमचं तोंड कोण धरतो ते मी बघतो."

दहाव्याला टाळ्या वाजत नाहीत. त्या दिवशी वाजल्या.

कुशाबाईंना काहीतरी म्हणायचं होतं. जुळवलेल्यातली निम्मी वाक्यं अजून शिल्लक होती. पण शेजारी बसलेल्या बायडाबाईनं हाताला धरून त्यांना खाली बसवलं. "लई भारी बोलली गं," ती कानाशी म्हणाली. "काय हासवलंस!"

शेठनं हौशीरामवर चार वाक्यं बोलून श्रद्धांजली उरकली. मग सुदर्शननं घसा साफ केला, कागदाची घडी उलगडली आणि प्राचीचं नाव पुकारलं.

कुशाबाईंनी शेठकडं पाहिलं. तो आता हसत नव्हता. हात बांधून, मान थोडी कलती करून तो ऐकायला बसला होता. तिथं कुणीच हसत नव्हतं.

प्राचीनं वाचलं. तिच्या हातातला कागद दुसऱ्या कुणीतरी लिहिलेला होता, कारण त्यात 'माझ्या अपरिपक्व बुद्धीमुळे' असं होतं आणि 'आदरणीय' तीनदा होतं. पत्र्याचं नाव कुठं नव्हतं. एका शब्दावर ती अडली, तर पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "नीट वाचा मॅडम, मागं ऐकू येत नाही." तिनं ते वाक्य पहिल्यापासून परत वाचलं.

माणसं पांगायला लागली. गाड्यांची दारं वाजली. रामनाथ शेठला निरोप द्यायला धावला. कुशाबाई नदीच्या पायरीवर बसल्या होत्या. प्राची शेजारी येऊन बसली.

"मी बोलले की गं," कुशाबाई म्हणाल्या.

"बोललीस."

"समद्यांच्या समोर बोलले. त्याची लाज काढली."

"हो आजी."

"मग?"

प्राचीनं त्यांच्या गुडघ्यावरचा पदर सारखा केला. तिचा आवाज वर्गात पाढा समजावून सांगावा तसा मऊ होता.

"तुला बोलू देतात आजी."

कुशाबाईंनी तिच्याकडं वळून पाहिलं. ग्रामसेवक, पावणं, सगळे त्यांच्या नजरेसमोरून गेले. गल्ली बदलताना, नमस्कार घालताना ते सगळे हसत होते का, हे त्यांना आठवेना.

पायऱ्यांवरून घाईघाईनं शेठचा व्हिडिओवाला उतरला. चांगला चाळिशीतला माणूस, गळ्यात ओळखपत्र.

"आजी, एक विनंती. सुरुवातीचं रेकॉर्डिंग राहिलं. शेठ म्हणाले, आजीचा व्हिडिओ पूर्ण टाका, काटछाट नको. तेवढं एकदा परत म्हणता?"

त्यानं मोबाइल आडवा धरला. जाता जाता थांबलेली सात-आठ माणसं त्याच्या मागं गोळा झाली.

कुशाबाईंनी तोंड उघडलं. समोरच्या चेहऱ्यांवर हसू आधीच येऊन बसलं होतं.

"बोला आजी, बोला," तो हातानं खुणावत होता. "कुणाला भ्यायचं?"