देणाऱ्याची सही

साजगावच्या आमच्या कारखान्यात माझा तापटपणा गेटवरच्या वॉचमनलाही ठाऊक आहे. त्या दिवशी मी रोहिणीवर तापलो होतो.

पोल्ट्रीच्या शेडमधले पंखे गरमीप्रमाणे चालू-बंद करणारे डबे आम्ही बनवतो. प्रत्येक डब्यात छोटा बोर्ड, त्यावर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम. ते लिनक्स सर्व्हरवर तयार करण्याचं काम, म्हणजे बिल्ड, मी सहा महिन्यांपूर्वी रोहिणीवर टाकलं. डोंगराकडच्या वाडीतली पोर, डिप्लोमा करून आलेली. तिला कायम करायचं की घरी पाठवायचं, ते आज ठरणार होतं. आणि आजच तिच्या बिल्डवर नवीन मॉडेलचा बोर्ड सुरू होईना. चार वाजता टेंपो येणार होता.

"बिल्डच्या फाइलीत बोर्डाचं नाव चुकवलंस."

"नाय सर. तीनदा बघितलं." तिनं फाइल दाखवली. नाव बरोबर होतं, त्यामुळे मी आणखीच भडकलो.

आमच्या मालक नम्रता मॅडम येऊन उभ्या राहिल्या. "जितेश, जमणार आहे का हिला?" मी खांदे उडवले. त्याची आजही लाज वाटते.

रोहिणीनं शांतपणे वही काढली. "सर, तुमी मला चार्ज दिलाच नाय. आता द्या."

"चार्ज? कॉम्प्युटरचा?"

"माझे बाबा भिवपुरीच्या पॉवरहाउसवर हायेत. पाळी संपली तरी तसेच निघत नायत. एकेक व्हॉल्व्ह कसा ठेवलाय ते मोठ्यानं सांगतात. येणारा परत म्हणून दाखवतो. मग दोघांची सही."

मला हसू येत होतं, पण मॅडम बघत होत्या. बसलो. तिनं सर्व्हरवर नवं टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडलं. ते उघडताच काही नावं आणि त्यांची मूल्यं आपोआप भरली जातात, त्यांना एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणतात. तिनं ती यादी स्क्रीनवर काढली. मी वाचायचं, तिनं परत म्हणायचं आणि वहीत खूण करायची.

अकराव्या ओळीवर माझी जीभ अडखळली. बोर्डाचं नाव: जुनं मॉडेल. दोन वर्षांपूर्वी घाईघाईत मीच ते सर्व्हरवर कायमचं भरून ठेवलं होतं आणि साफ विसरलो होतो. असं बाहेरून सांगितलेलं असलं की बिल्ड फाइलीला विचारतच नाही. आजवर सगळे डबे जुन्या मॉडेलचे होते, म्हणून खपून गेलं.

रोहिणीलाही ओळ दिसली होती. ती बोट दाखवू शकली असती. तिनं फक्त पेन उचललं. "बोला सर."

मी वाचलं. तिनं परत म्हटलं.

"हे कुणी भरलं?" मॅडमनी विचारलं.

रोहिणी वहीत बघत राहिली.

"मी," मी म्हणालो.

ती ओळ काढली, बिल्ड परत लावलं. साडेतीनला नव्या डब्याचा दिवा लागला आणि टेबलावरचा पंखा फिरला. मॅडमनी तिथंच रोहिणीला सांगितलं, सोमवारी कायम झाल्याची ऑर्डर घेऊन जा. मला इतका आनंद झाला की टेंपोवाल्यालाही चहा पाजला.

मी निघायच्या बेतात होतो, तेवढ्यात तिनं वही माझ्यापुढे सरकवली. घेणाऱ्याची सही आधीच केलेली होती.

"तुमची राहिली, सर."

तेरा वर्षांच्या नोकरीत मी पहिल्यांदा कुणाला तरी नीट चार्ज दिला.